हसायचीही चोरी!

ओझरला चंपाषष्ठीला खंडेरायाची यात्रा भरते. त्या गर्दीत पाच वर्षे मी पाऊल टाकले नाही. घरच्यांना गुडघेदुखीचे कारण सांगितले होते. गुडघे ठणठणीत होते. खरे कारण असे, की शिंक आली, खोकला आला किंवा मनमोकळे हसले, की लघवीचे थेंब निसटायचे. कपाटात गडद रंगाच्या साड्या वाढल्या. एसटीत बसण्याआधी पाणी पिणे बंद झाले. लग्नकार्यात मी दाराजवळची खुर्ची धरू लागले.

बँकेत मी आयुष्यभर लोकांचे हिशेब तपासले. कादंबऱ्यांतून बायकांची किती दुःखे लिहिली. हे मात्र कधी लिहिले नाही, कुणाला सांगितलेही नाही.

तोंड उघडले ते आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईने. द्राक्षांच्या हंगामात ती बागेत जाते. एकदा सहज म्हणाली, "ताई, जड क्रेट उचललं की लुगडं भिजतं. वय झालं, दुसरं काय!" तिचे वय अडतीस! दुसऱ्याच आठवड्यात आम्ही दोघी डॉक्टरांकडे गेलो.

तिथे कळले ते असे. ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय तिच्यावर विसावतात. बाळंतपण, जुनाट खोकला, बद्धकोष्ठ, वाढलेले वजन, सततचे जड ओझे यांनी ती सैल पडते. पाळी गेल्यावर आणखी. पण हे स्नायूच आहेत, व्यायामाने बळकट होतात. अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये हा व्यायाम वैद्यकापुढे मांडला. आपल्याकडे हठयोगातला मूलबंध हेतूने वेगळा, पण आकुंचन त्याच जागेचे.

कृती सोपी आहे. चारचौघांत वारा सरू नये म्हणून जे आवळतो, ते आत आणि वर ओढून घ्यायचे. पाच आकडे मोजेपर्यंत धरायचे, तेवढाच वेळ पूर्ण सैल सोडायचे. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. जमेल तसे दहा आकड्यांपर्यंत वाढवायचे. श्वास कोंडायचा नाही. पोट, मांड्या, नितंब आवळायचे नाहीत. लघवी मध्येच थांबवून हा व्यायाम करू नये. शिंक येतेय असे वाटताच आधी आवळून घ्यावे. फरक पडायला दोन-तीन महिने लागतात, कंटाळू नये. पाणी तोडू नये, लघवी दाट होऊन त्रास वाढतो.

मात्र लघवीला जळजळ होत असेल, रक्त जात असेल, अंग बाहेर येत असेल, किंवा एकदम घाई होऊन बाथरूमपर्यंत पोचता येत नसेल, तर आधी डॉक्टरांना दाखवावे. व्यायाम बरोबर होतो की नाही, हेही तिथेच किंवा फिजिओथेरपिस्टकडे पाहून घ्यावे.

डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन खेड्यांत ६५० स्त्रिया तपासल्या. १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये तो अभ्यास आला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते. त्याआधी तपासणी झालेल्या शंभरात जेमतेम आठ. तो अभ्यास लघवीच्या तक्रारीचा नव्हता, पण बायका किती आणि किती मुकाट्याने सोसतात, हे त्यातून दिसले. शहाण्यासुरत्या, पगारदार असूनही मी त्यांच्यातलीच निघाले.

तीन महिन्यांनी माझा त्रास बराच कमी झाला. पूर्ण गेला असे म्हणणार नाही. कामवाल्या बाईंचे क्रेट सुटले नाही. पण ते आता दोघी मिळून उचलतात आणि उचलण्याआधी आवळून घ्यायचे त्या विसरत नाहीत. सून बाळंत झाली तेव्हा डिंकाच्या लाडवांबरोबर हा व्यायामही मी डॉक्टरांना विचारून तिला सांगितला. मुलगा तिथेच बसला होता. उठून जाऊ लागला, तर म्हटले, "बस. तूही ऐक."

गेल्या चंपाषष्ठीला मी यात्रेत गेले. रेवड्या घेताना नातू काहीतरी बोलला आणि मी खळखळून हसले. नंतर लक्षात आले, हसण्याआधी मी दार कुठे आहे ते पाहिलेच नव्हते.