कोच व्हायला गेलो आणि आधी गप्प बसायला शिकलो



"सर, मलाही कोच व्हायचंय. कोणता कोर्स करू?" आपल्या पनवेलच्या बॅचमध्ये हा प्रश्न हल्ली हमखास येतो. नोकरीचा अनुभव आहे, बोलता चांगलं येतं, लोकांना मदत करायला आवडतं. मग भांडवल ते काय लागणार? उत्तर देण्याआधी माझी एक चूक सांगतो. जरा लाजिरवाणी आहे, पण तुमच्या कामाची आहे.

खांदा कॉलनीतल्या एक ताई घरून पोळी-भाजीचे डबे द्यायच्या. धंदा छान चालला होता. मी ऐटीत सल्ला दिला, "ताई, घरात किती दिवस? रस्त्यावर गाळा घ्या." सर म्हणाले म्हणून त्यांनी घेतला. आठ महिन्यांत गाळा बंद. फर्निचरचे आणि भाड्याचे पैसे गेले. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "सर, मुलगी शाळेतून येते तेव्हा मला घरी असायचं असतं. पण ते तुम्ही विचारलंच नाही."

त्या रात्री मला झोप लागली नाही. त्यानंतर मी कोचिंग शिकायला गेलो.

कोच नेमकं करतो काय?

प्रशिक्षक शिकवतो. सल्लागार उपाय सांगतो. मेंटॉर स्वतःच्या अनुभवातून वाट दाखवतो. कोच प्रश्न विचारतो आणि समोरच्याला स्वतःचं उत्तर सापडेपर्यंत थांबतो.

कोच म्हटलं की आपल्याला शिवाजी पार्कवरचे रमाकांत आचरेकर सर आठवतात. ऑफिसातलं कोचिंगही मैदानावरूनच आलंय. अमेरिकेतले टेनिस प्रशिक्षक टिमोथी गॅलवे यांनी १९७४ मध्ये 'द इनर गेम ऑफ टेनिस' लिहिलं. त्यांना दिसलं, की सूचनांचा भडिमार केला की खेळाडू गोंधळतो, आणि चेंडूकडे नीट बघायला लावलं की आपोआप सुधारतो. पुढे जॉन व्हिटमोर यांच्या १९९२ च्या 'कोचिंग फॉर परफॉर्मन्स'मुळे 'ग्रो' पद्धत जगभर पोहोचली. तिचे चार प्रश्न असे: काय हवंय? आज कुठे आहात? पर्याय कोणते? त्यातलं नक्की काय करणार?

बघा, ताईंना मी पहिले तीन प्रश्न न विचारताच थेट चौथ्याचं उत्तर देऊन टाकलं होतं!

शिकताना काय बदललं?

सरावाच्या पहिल्या सेशनचं रेकॉर्डिंग मेंटॉरने मलाच ऐकवलं. अर्ध्याहून जास्त वेळ मीच बोलत होतो. समोरचा श्वास घ्यायला थांबला की माझा सल्ला तयार! तेव्हा कळलं, की मदत करायच्या नावाखाली मला स्वतःची हुशारी दाखवायची असायची. खरं सांगतो, हे पचवायला कोर्सच्या फीपेक्षा जड गेलं. पण फरक पडला. घरी मुलगा आता अर्धं बोलून उठून जात नाही.

आता हिशेब

भारतात कोच म्हणून काम सुरू करायला सरकारी परवाना लागत नाही. म्हणूनच दोन दिवसांत 'सर्टिफाइड कोच' बनवणारेही भेटतील. १९९५ मध्ये सुरू झालेल्या इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनचं, म्हणजे आयसीएफचं, पहिल्या पातळीचं प्रमाणपत्र एसीसी. त्यासाठी किमान ६० तासांचं शिक्षण, १० तासांचं मेंटॉर कोचिंग आणि १०० तास प्रत्यक्ष कोचिंग लागतं. त्यातले ७५ तास मानधन घेऊन केलेले हवेत. शिवाय परीक्षा. आठवड्याला दोन तास क्लायंट मिळाले, तरी १०० तासांना जवळपास वर्ष जातं. तेवढा काळ घर चालेल अशी दुसरी कमाई हाताशी ठेवा. नोकरी घाईने सोडू नका.

फी भरण्याआधी संस्थेला तीन गोष्टी विचारा: माझं सेशन ऐकून चुका कोण दाखवणार? सराव किती तास? मान्यता कोणाची? आणि एक मर्यादा कायम लक्षात ठेवा. समोरचा माणूस मनाने खचलेला, आजारी वाटला तर तिथे कोचिंग थांबवून डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे पाठवायचं.

आज हे करून बघा

ग्राहक, कामगार किंवा घरातलं कुणीही अडचण सांगायला आलं, की दहा मिनिटं एकही सल्ला द्यायचा नाही. फक्त विचारायचं आणि ऐकायचं. किती वेळा जीभ चावावी लागली, ते वहीत लिहा. कोचिंग तुम्हाला जमेल का, याचा अंदाज त्या आकड्यावरून येईल, आणि तोही एक रुपया न भरता.

त्या ताई आजही घरूनच डबे देतात. मध्यंतरी त्यांचा फोन आला, "सर, डबे वाढवू का?" उत्तर जिभेवर आलं होतं. गिळलं, आणि विचारलं, "ताई, तुम्हाला काय वाटतं?"

पलीकडून पुढची वीस मिनिटं त्याच बोलत होत्या.

भेटूया पुढच्या व्हिडिओत!