अवतरणचिन्हाच्या आंत कीं बाहेर?



रेडिओवर बोलणाऱ्याला एक अडचण नेहमीं भासते. दुसऱ्याचें वाक्य सांगतांना अवतरणचिन्ह ऐकूं येत नाहीं. आवाज किंचित् बदलून भागवावें लागतें. लेखनांत तें काम दोन लहान खुणा करतात. तथापि इंग्रजी लिहितांना चांगले सुशिक्षितही एका ठिकाणीं अडखळतात. इतर विरामचिन्हें अवतरणचिन्हांच्या आंत घालावयाचीं कीं बाहेर?

हें अडखळणें साहजिक आहे. मोडी लिपींत शब्दही सुटे लिहीत नसत, मग विरामचिन्हें कोठलीं? दुसऱ्याचें बोलणें कोठें संपलें हें ‘असें’, ‘म्हणून’ या शब्दांवरून कळे. इंग्रजी विरामचिन्हें मराठींत रुळविण्याचें श्रेय मेजर थॉमस कँडी यांस देतात. त्यांची ‘विरामचिन्हांची परिभाषा’ १८५० च्या सुमारास निघाली.

आतां इंग्रजीचा नियम पाहूं. उदाहरणें सोयीसाठीं मराठींतच देतों. प्रश्नचिन्हाची व उद्गारचिन्हाची जागा अर्थावरून ठरते. प्रश्न मूळ बोलणाराचा असेल तर चिन्ह आंत येतें: त्यानें विचारलें, “कापूस विकला काय?” प्रश्न आपला असेल तर तें बाहेर जातें: तो असें म्हणाला काय, “मीं कापूस विकला”?

स्वल्पविराम व पूर्णविराम यांविषयीं मात्र दोन चाली आहेत. अमेरिकन चालीप्रमाणें ते नेहमीं आंतच येतात. ब्रिटिश चालींत ते मूळ वाक्याचे असतील तरच आंत, एरवीं बाहेर. कोणतीही चाल घ्यावी. पण एकाच लेखांत दोन्ही मिसळूं नयेत. अवतरणाच्या पोटांत दुसरें अवतरण आलें, तर दुहेरी चिन्हांच्या आंत एकेरी चिन्हें वापरावीं. कित्येक ब्रिटिश छापखाने याच्या उलट करतात.

यांत एवढें महत्त्वाचें काय, असें कोणी विचारील. जानेवारी २०१९ मध्यें आपल्या यवतमाळास ९२ वें अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलें. उद्घाटनासाठीं नयनतारा सहगल यांस दिलेलें निमंत्रण आधींच मागें घेण्यांत आलें होतें. त्यांचें इंग्रजी भाषण मराठी अनुवादानें वाचकांपुढें आलें. बोलणारी व्यक्ति समोर नसते, तेव्हां तिचे शब्द कोणते व सांगणाराचे कोणते, हें छापील पानावर बहुतांशीं या खुणाच दाखवितात. खूण चुकली कीं आपला संशय तिच्या तोंडीं जातो.

म्हणून प्रश्नचिन्ह लिहितांना क्षणभर थांबून स्वतःस विचारावें: हा प्रश्न त्याचा, कीं माझा?