नातवाची कॉट सुटते तेव्हा

आपल्यापैकी अनेकांची मुले आता लोद-अश्दोद सोडून कुठे कुठे नोकरीला गेली आहेत आणि सावता-साबा नातवंडे सांभाळायला दोन-तीन महिने विमानाने जातात. आम्ही दोघे गेल्या वर्षी सिंगापूरला, क्वीन्सटाउनमध्ये मुलीकडे होतो. नातू दोन वर्षांचा, दुसरे बाळ तीन महिन्यांवर आलेले. कॉट बाळासाठी रिकामी करायची, पण थोरल्याला आपल्याला उठवून लावले असे वाटता कामा नये; आणि मुलीने ठरवून दिलेली रक्कम होती २०० सिंगापूर डॉलर. तेवढ्यात कसे भागवले ते लिहितो, कारण अशी वेळ तुमच्यावरही येईल.

क्वीन्सटाउनला हे नाव १९५३ साली राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकावरून मिळाले. सिंगापूरच्या सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या, म्हणजे एचडीबीच्या, पहिल्या इमारती १९६० साली इथेच स्टर्लिंग रोडवर उभ्या राहिल्या. मुलीचे घर जुन्या इमारतीत, नवव्या मजल्यावर, भाड्याचे. घर ‘तीन खोल्यांचे’, पण आपल्या इस्रायलप्रमाणेच इथेही दिवाणखाना धरून मोजतात. झोपायच्या खोल्या दोनच. बाळ पहिले काही महिने आई-वडिलांच्या खोलीत राहणार आणि थोरल्याची लहान खोली बदलायची, असे ठरले.

खरे सांगायचे तर ‘मुलाची खोली’ हा प्रकार आम्हाला नवाच. अलिबाग-पेणकडे आईच्या लुगड्याची झोळी असे, आणि झोळीतून मूल निघाले की थेट आजीच्या गोधडीत. सिंगापुरात मलय लोक सरोंगाची झोळी स्प्रिंगला टांगतात, ती पाहून आम्हाला घर आठवले.

कॉट केव्हा सोडावी? मूल साधारण ९० सेंटिमीटर उंच झाले, किंवा कठडा त्याच्या छातीपर्यंत येऊ लागला, की ते कठड्यावरून उडी टाकणार हे समजावे. आमच्या नातवाने एक पाय वर टाकलेला आम्ही पाहिला, तोच दिवस धरला. दुसरे बाळ येणार नसेल तर खर्च जवळजवळ शून्य: काही कॉटची एक बाजू काढता येते आणि तीच लहान पलंग होते. आधी माहितीपत्रक पाहावे. करवतीने कठडा कापण्याचा उद्योग करू नये. आम्हाला मात्र दुसरा पलंग हवा होता, आणि तो बाळ येण्याच्या दोन महिने आधी. मधल्या काळात मूल कॉट विसरते, मग बाळाने ‘माझी जागा घेतली’ हे भांडण उरत नाही.

गादी जमिनीवरच टाकू, असे आमचे म्हणणे होते. मुलीने नाही म्हटले, आणि ते बरोबर होते. त्या दमट हवेत जमिनीवरच्या गादीला खालून बुरशी धरते. खाली हवा खेळायला फळ्या हव्यात. जुन्या वस्तू विकायचे कॅरोसेल नावाचे ॲप सिंगापुरातच २०१२ साली सुरू झाले. त्यावर लाकडी फळ्यांचा बुटका पलंग ४० डॉलरला मिळाला. गादी मात्र नवी घेतली. जुन्या गादीतून ढेकूण आले तर वाचवलेले पैसे औषधफवारणीत जातात. चादर, उशी आणि रात्रीचा दिवा कॉटमधलेच ठेवले, डोके त्याच भिंतीकडे. पहिल्या रात्री तो दोनदा उठला, चौथ्या रात्रीपासून झोपला.

आता आमची चूक. खेळण्यांची पेटी आम्हीच खिडकीखाली ठेवली होती, उजेड छान येतो म्हणून. खिडकीला लोखंडी जाळी होती, तिचे दार कुलपाचे. पण सिंगापुरात कपडे बांबूच्या काठीवर घालून खिडकीबाहेर वाळवतात, आणि त्यासाठी आम्ही ते दार उघडले होते. फोन वाजला. एक जण फोनकडे, दुसरा काठीशी. आणि पोर पेटीवर चढून गुडघे चौकटीवर टेकत होते. शर्टाला धरून मागे ओढले. तो हसत होता. आम्ही दोघे बराच वेळ पलंगावर बसून राहिलो, आणि मुलीला संध्याकाळी सांगितले.

त्यानंतर खरेदीची यादी बाजूला ठेवली. गुडघे दुखत असले तरी एकदा जमिनीवर बसून, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवरून खोली पाहावी. आम्ही पाहिली, तेव्हा पडद्याची लोंबती दोरी दिसली. गळ्याभोवती फास बसू शकतो, म्हणून ती वर गुंडाळून खिळ्याला अडकवली. खिडकीखालून पेटी, स्टूल, पलंग, सगळे हलवले. जाळीची किल्ली उंच आणि कपड्यांची काठी फक्त मूल झोपलेले असताना. या सगळ्याला एक डॉलरही लागला नाही.

पैसे लागले ते कपाटाला. मूल ड्रॉवर पायरीसारखे उघडून चढते आणि कपाट अंगावर येते. अमेरिकेत अशी मुले दगावली, म्हणून २०१६ साली आयकियाने तिथे सुमारे २ कोटी ९० लाख कपाटे परत मागवली. उपाय साधा: कपाट पट्टीने भिंतीला जोडायचे. पण भिंत काँक्रीटची आणि घर भाड्याचे, म्हणून घरमालकाकडून लेखी परवानगी घेतली. मग दिवस शोधायचा! शनिवारी शब्बाथ म्हणून आम्ही हातोडा धरत नाही आणि रविवारी तिथे ठोकठोक चालत नाही. जावयाने अखेर मंगळवारी रजा काढली. कपाट भिंतीला जोडूनही मागे थोडी हवा राहील असे बसवले, बुरशीसाठीच.

प्लगची प्लॅस्टिकची झाकणे मात्र घेतली नाहीत. तिथले प्लग ब्रिटिश पद्धतीचे तीन पिनांचे. वरची लांब पिन आत गेल्याशिवाय खालच्या दोन भोकांचा पडदा उघडत नाही. आपल्याकडचे प्लग वेगळे, हे तुलना करताना ध्यानात ठेवावे.

रंगकाम केले नाही. मुलीला हत्ती-सिंहाची भिंत हवी होती, पण भाड्याच्या भिंतीवर पैसे कशाला? पुस्तकांसाठी कपाटही नको झाले. क्वीन्सटाउनचे सार्वजनिक वाचनालय १९७० पासून आहे, तिथून मुलगी पुस्तके आणते आणि एका टोपलीत ठेवते. आठ-दहा खेळणीच बाहेर ठेवली, बाकीची माळ्यावर. पंधरवड्याने अदलाबदल केली की जुने खेळणे त्याला नवे वाटते.

हिशेब शेवटी १७० डॉलरवर थांबला. कॉट सोडवली तेव्हा तिचे सगळे स्क्रू एका कापडी पिशवीत घालून पिशवी कॉटच्या पायालाच बांधली, कारण स्क्रू हरवलेली कॉट पुन्हा नीट उभी राहत नाही. दोन महिन्यांनी ती बाळासाठी जोडली, तेव्हा थोरल्याने पिशवीतले स्क्रू एकेक करून बापाच्या हातात दिले.