यादी आणि फेरा

कामोठ्याच्या एका अंगाला मानसरोवर आणि खांदेश्वर ही रेल्वेस्थानके आहेत. दुसऱ्या अंगाला शीव-पनवेल महामार्ग आहे, आणि तो ओलांडला की कळंबोलीचा लोखंडबाजार लागतो. त्या बाजारात, तळोज्याच्या कारखान्यांत किंवा तुर्भ्याच्या बाजारपेठेत ज्यांच्या वडिलांनी ओझी वाहिली, ती मुले आज संगणकाचा प्रोग्राम लिहावयास शिकत आहेत. आरंभी त्यांचे बरे चालते. मग 'लिस्ट' आणि 'लूप' हे दोन शब्द येतात आणि पुष्कळांची गाडी तेथे रुतते.

ती का रुतते? मुले मठ्ठ आहेत म्हणून नव्हे. सरावाला त्यांना सफरचंद, केळे, संत्रे अशी फळांची यादी देतात, नाही तर चांदण्यांचा त्रिकोण छापावयास सांगतात. चांदण्यांचा त्रिकोण चुकला म्हणून कोणाचे काय बिघडते? ज्या चुकीने कोणाचेच बिघडत नाही ती चूक डोळ्यांना दिसतही नाही. आमचे म्हणणे असे की हा सराव हजेरीपटावर करावा. हजेरीपट म्हणजे यादीच होय, आणि त्यावरून मजुरी काढणे म्हणजे फेरा. शिवाय उत्तर आधी हाताने काढता येते.

माथाडी कामगारांची टोळी घेऊ. १९६९ च्या माथाडी कायद्याने या कामगारांची नोंदणी झाली, मंडळे स्थापन झाली, आणि मालकाने मजुरी व तिच्यावरील लेव्ही मंडळाकडे भरावी अशी व्यवस्था लागली. काम टोळीने होते आणि मजुरी टोळीच्या नावे मोजली जाते, तेव्हा वाटणीचा हिशेब आलाच. समजा, मुकादम धरून सहा गडी आहेत. पहिल्या दिवशी टोळीची मजुरी ५,४०० रुपये झाली आणि सहाही हजर होते. दुसऱ्या दिवशी तितकीच मजुरी झाली, पण शेवटचा गडी गैरहजर, म्हणून पाचच जण. तिसऱ्या दिवशी ४,२०० रुपये, सहा हजर. समान वाटणी केली तर वाटे अनुक्रमे ९००, १,०८० आणि ७०० रुपयांचे पडतात. तिन्ही दिवस राबलेल्याला २,६८० रुपये मिळतात, एक दिवस चुकलेल्याला १,६००. आता ताळा पाहा. पाच जणांचे १३,४०० आणि एकाचे १,६०० मिळून १५,००० होतात. तीन दिवसांची मजुरीही १५,०००. ताळा जमला. संगणकाला हात लावण्यापूर्वी एवढे कागदावर हवे.

आता ही नावे यंत्राला द्यावयाची. पायथन ही भाषा गीदो व्हान रॉसम या डच प्रोग्रामकाराने १९९१ साली प्रसिद्ध केली, आणि शिकाऊंना बहुधा तीच शिकवितात. तिच्या आज्ञांचे शब्द इंग्रजी असले तरी २००८ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून आपण ठेवावयाची नावे देवनागरीत चालतात. चौकोनी कंसात स्वल्पविराम देऊन सहा नावे लिहिली आणि त्या कंसाला 'टोळी' म्हटले की झाली यादी. पण येथे एक मेख आहे. यंत्र पहिल्या नावाला शून्य क्रमांक देते आणि सहाव्याला पाच. मुले येथे बुचकळ्यात पडतात. वास्तविक कामोठ्यात राहणाऱ्याने तरी पडू नये. आपल्या इमारतीला तळमजला असतो आणि मग पहिला मजला. तळमजला अधिक सात अशी इमारत असली तर तिच्यात राहण्याचे थर आठ, पण सर्वांत वरच्या बिऱ्हाडाचा मजला सातवा. क्रमांक म्हणजे आरंभापासूनचे अंतर, एवढेच. पायथ्याशी असलेल्याला चढावे लागत नाही, म्हणून तो शून्य.

फेरा दोन जातींचा असतो. पहिल्या जातीत यादीतल्या प्रत्येकासाठी तेच काम करावयाचे असते. इंग्रजी शब्द 'फॉर'. वाटणीचा हिशेब मराठीत मांडला तर असा होतो:

प्रत्येक गड्यासाठी:
    एकूण = ०
    प्रत्येक दिवसासाठी:
        गडी त्या दिवशी हजर असेल तर
            एकूण = एकूण + त्या दिवसाचा वाटा
    गड्याचे नाव आणि एकूण छापा

हा फेऱ्यातला फेरा झाला. बाहेरचा एकदा फिरतो तेव्हा आतला तीनदा फिरतो. सहा गडी म्हणजे अठरा वेळा विचारणा. ओळी डावीकडून किती आत सरकविल्या यावर पायथनमध्ये सारा अर्थ ठरतो, आणि पहिली चूक तेथेच होते. 'एकूण = ०' ही ओळ आणखी एक पायरी आत, म्हणजे दिवसांच्या फेऱ्यात गेली, तर रोज सकाळी कालची कमाई पुसली जाते. तीन दिवस राबलेल्याच्या नावे शेवटच्या दिवसाचे ७०० रुपये तेवढे उरतात. यंत्र कुरकुर करीत नाही. ताळा मात्र ओरडून सांगतो: सहा जणांचे ४,२००, आणि टोळीचे १५,०००!

दुसरी चूक अधिक वाईट. काही मुले नावांऐवजी क्रमांक मोजतात, त्यासाठी 'रेंज' हा शब्द आहे. रेंज ० ते ६ म्हटले की ० पासून ५ पर्यंतचे सहा अंक मिळतात. शेवटचा अंक धरीत नाहीत. ज्याने रेंज १ ते ६ लिहिले त्याने शून्य क्रमांकाचा गडी, म्हणजे मुकादम, गाळला. ज्याने ० ते ५ लिहिले त्याने शेवटचा गाळला. ० ते ७ लिहिले तर सातव्या नावाला यंत्र अडखळते, चूक दाखवून थांबते. म्हणजे जास्त मागितले तर बोंब होते आणि कमी दिले तर सारे शांत. मुकादम गळला तर दुपारपर्यंत कचेरीत येऊन भांडेल. पण पटावर शेवटी नाव असते ते कालपरवा गावाहून आलेल्या पोराचे, आणि तो गप्प बसतो. म्हणून आम्ही मुलांना सांगतो, प्रोग्राम चालला की आधी शेवटचे नाव पाहा.

तिसरी चूक नावे खोडण्याची. टोळी सोडून गेलेल्यांची नावे, यादी वाचता वाचताच काढू लागलात तर घोटाळा होतो. समजा, दुसरा आणि तिसरा गडी गेला आहे. दुसऱ्याचे नाव काढताच तिसरा सरकून त्याच्या जागी येतो, आणि फेरा तर पुढच्या जागेवर गेलेला असतो. तिसऱ्याला कोणी विचारीतच नाही. तो पटावर राहतो आणि मजुरी खातो. हजेरीपटावरची भुते आम्ही पुष्कळ पाहिली, ती माणसांनी मुद्दाम बसविलेली. हे भूत आपोआप बसते. उपाय सोपा आहे. जुनी यादी तशीच ठेवावी आणि जे आहेत त्यांची नावे नव्या यादीत उतरावी.

दुसऱ्या जातीच्या फेऱ्यात किती खेपा होणार हे आधी ठाऊक नसते. ट्रक रिकामा होईपर्यंत गोणी उतरवा. इंग्रजी शब्द 'व्हाइल'. खळ्यावर धान्य मापताना 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणत, मग दोन, तीन. त्या मोजणीत प्रत्येक मापाबरोबर रास घटत होती. प्रोग्राममध्ये ती घट आपण लिहावी लागते. 'शिल्लक = शिल्लक − १' ही ओळ विसरली की यंत्राच्या लेखी ट्रक कधीच रिकामा होत नाही आणि हमाल जन्मभर खेपा घालीत राहतो. तो थांबवावयास कंट्रोल आणि सी ही बटणे एकदम दाबावीत.

विमा आणि बँक कर्मचाऱ्यांच्या संघटना एके काळी या यंत्राविरुद्ध लढल्या, आणि १९८३ साली बँकांच्या व्यवस्थापनांशी यंत्रीकरणाचा करार झाला. तेव्हा प्रश्न होता तो यंत्रे किती आणि कोठे हा. आज पगाराची चिठ्ठी छापूनच हातात येते, आणि ती चुकली असे म्हणणाऱ्याला 'कॉम्प्युटरने काढले आहे' एवढे एकच उत्तर मिळते. ज्या घरात एका मुलीला 'एकूण = ०' ही ओळ कोठे असावी हे कळते, त्या घरात हे उत्तर चालत नाही.

ज्यांना घरी सराव करावयाचा असेल त्यांनी वरचीच टोळी घ्यावी आणि चौथा दिवस जोडावा: मजुरी ५,००० रुपये, हजर सहा. आता वाटा ८३३ रुपये आणि काही पैसे असा तुटतो. पूर्ण रुपयांतच वाटावयाचे तर सहा जणांचे ४,९९८ होतात, दोन रुपये उरतात, आणि ताळा जमत नाही. ते दोन रुपये कोणाला द्यावयाचे हे यंत्राला विचारू नका. टोळीला विचारा, आणि मग ती ओळ लिहा.