शंकरपट : इंजिन नसलेली रेस

रेस म्हटलं की आपल्याला फॉर्म्युला वन आठवते. पण आपल्या मराठवाड्याची खरी रेस म्हणजे शंकरपट! फंडा सोपा आहे. दोन बैल, हलकी छकडी, वर धुरकरी आणि सरळ धावपट्टी. कमी सेकंद लागतील ती जोडी जिंकली.

७ मे २०१४ ला सुप्रीम कोर्टाने अशा शर्यतींवर बंदी घातली. बैलाची ठेवण घोड्यासारखी पळण्यासाठी नाही, हा कोर्टाचा मुद्दा. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायदा बदलला, पण हायकोर्टाने अडवलं. १६ डिसेंबर २०२१ ला अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने कायदा वैध ठरवला. आता कलेक्टरची परवानगी लागते. काठी, चाबूक चालत नाही.

म्हणजे टेन्शन संपलं? मला नाही वाटत. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ अशा तीनच फॉर्म्युला वन रेस झाल्या. ट्रॅक असूनही टॅक्सच्या वादात सगळं थांबलं. शंकरपटाचं दुखणं उलटं आहे. इथे पब्लिक आहे, पण 'इंजिन'च कमी होतंय! नांदेडची लाल कंधारी, लातूरची देवणी या जाती कष्टाच्या कामासाठी नावाजलेल्या. नांगरट ट्रॅक्टरने व्हायला लागल्यावर लहान शेतकऱ्याने बैल वर्षभर पोसायचा कशाला? नुसत्या शर्यतीसाठी बैल ठेवणं पैसेवाल्यालाच परवडणार.

आणि नियम मोडले तर पुन्हा कोर्ट आहेच. म्हणून प्रेक्षकांचंही काम आहे. जिथे बैलाला मार बसतो, तिथे शिट्ट्या न मारता सरळ घरी निघायचं. पब्लिकच नसेल तर पट कुणासाठी भरवणार?