पगार मिळेना, जहाज सोडवेना

करंजाड्यापासून न्हावा फार दूर नाही. तेथील ओएनजीसीच्या तळावरून सुटणारी जहाजे मुंबई हायच्या विहिरींना पाईप, सिमेंट, डिझेल, पिण्याचे पाणी पोहोचवतात. 1974 साली समुद्रात तेल लागले आणि बोटीवरच्या नोकरीला ही एक नवी वाट फुटली. ‘मुलगा बोटीवर आहे’ एवढ्यावर आपल्याकडे सोयरिकी जुळतात. त्या बोटीचा मालकच पगार देईनासा झाला तर काय, हे कुणी विचारत नाही.

मुंबईच्या जीओएल ऑफशोअर कंपनीच्या खलाशांनी ते भोगले. तेलक्षेत्रांना जहाजे पुरवणारी ही कंपनी ग्रेट ईस्टर्न शिपिंगमधून वेगळी निघालेली. म्हणजे घराणे नावाजलेले! 2014 नंतर तेलाचे भाव कोसळले आणि या धंद्याचेच कंबरडे मोडले. 2016 मध्ये तिचे ‘मालवीय सेव्हन’ स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला आणि ‘मालवीय ट्वेंटी’ इंग्लंडमधल्या ग्रेट यार्मथला अडकून पडले. खलाशांचे पगार थकले होते. मदतीला धावला तो वाहतूक कामगारांचा आंतरराष्ट्रीय महासंघ. बंदरातल्या परक्या माणसांनी जेवणखाण पुरवले.

मग हे लोक उतरून सरळ घरी का आले नाहीत? समुद्री कायद्यात खलाशाच्या पगाराचा बोजा थेट जहाजावर असतो. मालक बुडाला तरी जहाज विकून पगार वसूल करता येतो, तोही सहसा बँकेच्या तारणाआधी. उतरल्याने हा हक्क कायद्याने बुडत नाही. पण विकण्याजोगी एकच वस्तू डोळ्यांसमोर असताना तिला पाठ दाखवून रिकाम्या हाताने घरी यायचे धैर्य कुणाला होणार? इकडे घराचा हप्ता दर महिन्याला ठरल्या तारखेला येतोच. ‘सेव्हन’ 2017 मध्ये विकले गेले, तेव्हा खलाशी सुटले. ‘ट्वेंटी’वरच्यांना 2018 उजाडले.

18 जानेवारी 2017 पासून आंतरराष्ट्रीय सागरी श्रम करारात नवी तरतूद लागू झाली. भारत या करारात 2015 मध्येच सामील झाला होता. दोन महिन्यांचा पगार थकला की खलाशाला वाऱ्यावर सोडले असे मानतात आणि चार महिन्यांपर्यंतचा पगार व घरी परतण्याचा खर्च विम्यातून मिळू शकतो. 2016 मध्ये ही जहाजे अडकली तेव्हा ही सोय नव्हती. परदेशी फेऱ्या करणाऱ्या जहाजावर या विम्याचे प्रमाणपत्र सर्वांना दिसेल असे लावलेले असते. मुलगा बोटीवर चढला, की त्याला त्या कागदावरची मुदत वाचून घरी कळवायला सांगावे.