पुण्यातील नष्ट वास्तूंची चित्रे

मुठा नदीकाठच्या पुणे शहरात पेशवाईत उभ्या राहिलेल्या आणि पुढे युद्ध, आग व महापूर यांत नाहीशा झालेल्या वास्तूंच्या अभ्यासाचे हस्तचित्रे हे एक महत्त्वाचे साधन आहे. शनिवारवाडा १८२८ साली जळाला, तेव्हा छायाचित्रणाचे तंत्र भारतात आलेले नव्हते. त्यामुळे वाड्याचे अंतरंग डोळ्यांसमोर आणायचे तर चित्रांवाचून गत्यंतर नाही.

== संगमावरील चित्रकार ==

इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट १७८६ मध्ये पेशवे दरबारी आला. मुळा-मुठेच्या संगमावर त्याची वकिलात होती. १७९१ मध्ये मुंबईस आलेला स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स पुढे पुण्यात राहिला. त्याने सवाई माधवराव, नाना फडणवीस आदींची चित्रे काढली. पेशव्यांच्या आश्रयाने पुण्यात पाश्चात्त्य पद्धतीच्या चित्रकलेचे शिक्षणही सुरू झाले. त्या परंपरेतील गंगाराम तांबट याने वेरूळची लेणी, पर्वतीची टेकडी आणि पेशव्यांच्या शिकारखान्यातील प्राणी चितारले.

ही चित्रे वाचली, ती पुण्याबाहेर गेल्यामुळे. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीच्या लढाईच्या दिवशी संगमावरील वकिलात जाळली गेली आणि तीत एल्फिन्स्टनचा ग्रंथसंग्रहही नष्ट झाला. मॅलेट मात्र त्यापूर्वीच विलायतेस परतला होता. गंगारामची अनेक चित्रे आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत.

== गणेश महालाचे चित्र ==

शनिवारवाड्याच्या आतील भागाचे सर्वांत प्रसिद्ध चित्र थॉमस डॅनियल याचे आहे. टिपूविरुद्ध झालेल्या १७९० च्या तहाचा दरबार त्यात दाखवला आहे. गणेश महालातील गणपतीची भव्य मूर्ती, महिरपी, खांबांच्या रांगा आणि बैठकीची मांडणी त्यात दिसते. पाठ्यपुस्तकांतून ते परिचित असले, तरी प्रत्यक्षदर्शी पुरावा म्हणून ते जपूनच वापरावे लागते. दरबार भरला तेव्हा वेल्स भारतात आलेला नव्हता. डॅनियल तर पुण्यास कधीच आला नाही. वेल्स १७९५ मध्ये वारला. त्याची रेखाटने हाताशी घेऊन डॅनियलने इंग्लंडमध्ये १८०५ साली हे चित्र पूर्ण केले. माणसांचे चेहरे वेल्सने समोर बसवून टिपलेले असल्याने त्यांवर अधिक विसंबता येते. दालनाची उंची व खोली यांबाबत तसे म्हणता येत नाही, कारण मॅलेटचा गौरव हाच चित्राचा हेतू होता.

दालनाच्या मापांसाठी चौथरे पाहावे लागतात. १९१९ नंतरच्या उत्खननात वाड्याची जोती व कारंजी उघडी पडली. पेशवे दफ्तरातील बांधकाम खर्चाचे कागदही उपयोगी पडतात. जुन्या बांधकामात जागा खणांनी मोजत, म्हणजे दोन खांबांमधील अंतर हे एकक धरीत. खणांची संख्या आणि जोत्याची लांबी ताडून पाहिली की चित्रकाराने दालन किती ताणले, याचा अंदाज बांधता येतो. वरच्या मजल्यांना मात्र असा आधार नाही.

== महापूर आणि न काढलेली चित्रे ==

१२ जुलै १९६१ रोजी आंबी नदीवरील पानशेतचे मातीचे धरण फुटले. त्या लोंढ्याने त्याच दिवशी मुठेवरील खडकवासल्याचे जुने दगडी धरणही गेले. शनिवार, नारायण, कसबा आदी पेठांचा नदीलगतचा भाग पाण्याखाली गेला. दगडी जोते, सागवानी सांगाडा आणि त्यामध्ये मातीत रचलेल्या विटांच्या भिंती, अशी बहुतेक वाड्यांची रचना होती. काही तास पाण्यात राहिल्यावर भिंतींतील माती विरघळली आणि जोती जागेवर असताना वरचे मजले बसले. पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, सहकारनगर यांसारख्या वसाहती उभ्या राहिल्या.

या पडझडीत गेलेल्या घरांची चित्रे क्वचितच सापडतात. मॅलेटच्या चित्रकारांना दरबार, मंदिरे आणि लेणी हवी होती. भिक्षुकाचे दुमजली घर, सावकाराची ओसरी किंवा तांबटाचे दुकान यांची मोजमापे घ्यावीत असे कोणास वाटले नाही. नगर भूमापनाच्या नकाशांत अशा घरांच्या जागेची हद्द सापडते, पण चौक, माडी, देवघर आणि आड कोठे होते, हे त्यांवरून कळत नाही. पुढील दशकांत वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी उरलेल्या वाड्यांचे तलविन्यास व उभे छेद मोजून काढले. त्यांपैकी काही वाडे नंतर पाडले गेल्याने ती आरेखनेही आता नष्ट वास्तूंच्या चित्रांत जमा झाली आहेत.